शेवटची काच

तापीकाठच्या प्रकाशा गावात देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर अनीसभाईंचं फोटोचं दुकान होतं. यात्रेकरू दर्शन करून यायचे आणि त्यांच्यापुढे ताठ बसायचे. पण अनीसभाईंचं मन तापीच्या वाळूवर होतं. थंडीत तिथल्या उथळ पाण्यात लाल, काडीसारख्या पायांचे पक्षी, शेकाट्या, येतात. सूर्य उगवण्याआधी त्या एका पायावर स्तब्ध उभ्या असतात. कॅमेरा जुना. अंधूक उजेडात त्याच्या भिंगावरचं झाकण बराच वेळ काढून ठेवावं लागे आणि तेवढ्यात एखादी शेकाटी हलली की आतली, फोटो उमटायची काच वाया. अशा कितीतरी काचा गेल्या.

"निकाह मेरे से किया," त्यांची बायको अख्तरबानो म्हणायची, "और फिकर चिड़ियों की."

शेजारी पितांबर आणि सिंधुबाई राहत. त्यांचं पहिलं मूल वर्षाचंही नव्हतं. अनीसभाई त्याला पाहिलं की म्हणत, "आन ना ताई, फुकट काढस."

"जाऊळ निघू दे, मंग काढू," सिंधुबाई म्हणायची. "फोटूमा नजर लागस."

आमच्याकडे हे सगळ्याच बायका मानतात. माझ्या मुलीचाही फोटो जावळाआधी निघाला नाही.

लढाईच्या दिवसांत मुंबईहून काचा येणं बंद झालं. त्या माघात अनीसभाईंकडे एकच काच उरली होती. शेकाट्या आता थोड्याच दिवसांत परत जाणार होत्या.

त्याच आठवड्यात सिंधुबाईचं बाळ तापाने गेलं. दिवेलागण झाली होती, म्हणून पुरणं सकाळवर ठेवलं. पितांबर दुकानात आला. सिंधुबाईला एक फोटो हवा होता, पोराचं तोंड विसरायला नको म्हणून.

"काच नही शे," अनीसभाई म्हणाले.

पहाटे ते नदीवर गेले. शेकाट्या ओळीने उभ्या होत्या. काळ्या कापडाखाली डोकं घालून त्यांनी नेम धरला, काच बसवली आणि झाकण काढलं. त्याच क्षणी सगळ्या शेकाट्या उडाल्या.

पलीकडच्या वाळूवर तीन माणसं थांबली होती. मधला पितांबर. त्याच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ होतं. लहान मुलांना जाळत नाहीत, नदीकाठी पुरतात, हे अनीसभाईंना काय ठाऊक नव्हतं? कॅमेरा पाहून तिघेही जागच्या जागी उभे राहिले. झाकण परत लावायचं अनीसभाईंना सुचलं नाही.

पितांबर पाण्यातून चालत आला. "काल तू सांगं ना, काच नही शे म्हणीसन?"

अनीसभाई काळं कापड गुंडाळू लागले.

"जाऊ दे. आते काढ. तोंड उघडी देस."

"ती एकच व्हती. आत्तेच गयी."

पितांबरने उडालेल्या पक्ष्यांकडे पाहिलं. "बगळासाठे व्हती," एवढंच म्हणाला आणि परत गेला. तिघांनी खड्ड्यात मीठ टाकलं, बाळ ठेवलं, वर काटेरी फांद्या दाबल्या. अनीसभाई मदतीला गेले, पण कुणी त्यांच्या हातात फावडं दिलं नाही.

काच धुतली तेव्हा शेकाट्यांच्या जागी धुरकट रेघा निघाल्या. स्वच्छ आली ती तीन माणसं, आणि पितांबरच्या हातातलं पांढरं गाठोडं. अख्तरबानोने तो फोटो सिंधुबाईला नेऊन दिला. मला हे सगळं अख्तरबानोनेच सांगितलं.

सिंधुबाई फोटो घेऊन दुकानात आली.

"ह्यामा तोंड कोठे शे, भाऊ?"

अनीसभाईंनी गाठोड्याच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मंग मोठा करी दे. मोठा करा म्हणजे तोंड दिसी."

मोठा केला तर कापडच मोठं होईल, हे त्यांना सांगता आलं नाही. "मोठा कराले काच लागस," ते म्हणाले. "काच येऊ दे."

दर बाजाराच्या दिवशी ती यायची. काच आली का विचारायची आणि जायची. अनीसभाई नदीवर जाईनासे झाले.

लढाई संपली. काचांची पेटी आली त्या बाजाराच्या दिवशी अनीसभाईंनी दुकान उघडलं नाही. सिंधुबाई दुपारपर्यंत पायरीवर बसून होती.