मॅकट्रॉस कुळाचा काष्टा

स्कॉटिश सरदाराला नऊवारी नेसवण्याची आमच्या घराण्यातली परंपरा माझ्यापासून सुरू होते. माझ्याआधी कोणी नेसवली नव्हती. माझ्यानंतर कोण नेसवणार, यावरून सध्या पत्रव्यवहार चालू आहे.

मी परंपरांच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात असताना मी अकरा पत्रकं काढली. हुंड्याविरुद्ध, पत्रिका जुळवण्याविरुद्ध, वतनदारीविरुद्ध, मानपानाविरुद्ध. आणि सगळ्यांत जहाल ते ‘नऊ वारांची बेडी’, ज्यात नऊवारी लुगडं हा बाईच्या कमरेला घातलेला तुरुंग आहे, असं मी सप्रमाण सिद्ध केलं होतं. (आईनं ते वाचून त्यावर शेंगा सोलल्या.) एम.एस. करायला नॉर्थ कॅरोलायनात आले तेव्हा वाटलं, आता इथे कशाविरुद्ध लिहायचं? पण अन्याय शोधणाऱ्याला तो शेजारच्या घरातही सापडतो.

शेजारचं घर अँगस मॅकट्रॉस यांचं. मी मॉरिसव्हिलला नलूमावशी आणि काकांकडे राहायची, आणि अँगसकाका कुंपणापलीकडे. वय शहात्तर, वजन काकांच्या दुप्पट, मूलबाळ नाही. मावशीला ड्रायव्हिंग शिकवताना त्यांच्या गाडीचे दोन्ही दिवे गेले, तरी ते दर रविवारी आमच्याकडे वरणभात खायला यायचे, इतका मोठ्या मनाचा माणूस. दोष एकच. कुळाभिमान! मॅकट्रॉस कुळाचं बोधवाक्य, मॅकट्रॉस कुळाची चौकड्यांची लोकर, मॅकट्रॉस कुळानं कुठल्या दरीत कुठल्या कुळाच्या गाई पळवल्या, हे सगळं वरणभातासोबत.

“अगदी आपल्या शहाण्णव कुळींसारखं!” मावशी कौतुकानं म्हणायची.

“म्हणूनच रोग आहे तो!” मी म्हणायची.

मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून अभ्यास केला आणि बारावं पत्रक काढलं, इंग्रजीतून. ‘कुळाभिमान: एक जुनाट रोग’. ज्या सरदारांसाठी माणसं मेली, त्याच सरदारांनी पुढे मेंढ्यांना कुरण हवं म्हणून आपल्याच कुळाच्या लोकांना झोपड्यांतून हुसकावून लावलं, हा त्यातला सणसणीत मुद्दा. सोमवारी कॅम्पसवर वाटायला दोनशे प्रती एका खोक्यात भरून ठेवल्या. टायपिंगच्या कागदाचं रिकामं खोकं होतं. तसलंच दुसरं मी अँगसकाकांना दिलं होतं, त्यांना काहीतरी ठेवायला हवं होतं म्हणून. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

त्या शनिवारी डोंगरात कुळांचा मेळा होता. प्रत्येक कुळाचा तंबू, बॅगपाइप, ओंडके फेकण्याच्या स्पर्धा, आणि दुपारी निशाणांची मिरवणूक. तीस वर्षं निशाणामागून चालल्यावर यंदा प्रथमच निशाण अँगसकाकांच्या हाती आलं होतं. निशाणामागे घरची माणसं चालतात. घरची माणसं म्हणून त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं.

“गुडघे पुढच्या वर्षी चालू देतील असं वाटत नाही,” ते म्हणाले. “यंदाच काय ते.”

मीही माणूसच आहे. त्यांच्या अन्नाला नव्हे, पण आमच्या अन्नाला जागून पत्रकं घरीच ठेवायची, असं मी ठरवलं. सकाळी अँगसकाकांनी आपलं सामान आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवलं आणि काका ते गाडीत ठेवायला आले.

“मंजू, दे ते खोकं इकडे, मी बघून ठेवतो.”

“का? बाईला खोकं उचलता येत नाही?”

“अगं, तसं नाही...”

“तसंच आहे काका! तुम्ही बसा.”

काका बसले. मी खोकं उचललं. फारच दणदणीत उचललं.

चार तासांच्या रस्त्यात अँगसकाका माझ्या शेजारी गाडी चालवता चालवता सांगत होते की अठराव्या शतकात बंडानंतर इंग्रज सरकारनं त्यांच्या पोशाखावर बंदी घातली होती. अंगावर कुळाची लोकर दिसली तर तुरुंग, पुन्हा दिसली तर देशाबाहेर रवानगी.

“कपड्यावर बंदी?” मी ताडकन सरळ झाले. “सरकार कोण सांगणारं, माणसानं काय नेसावं?”

“तूच नाही का लिहिलं होतंस, नऊवारी नेसू नये म्हणून?” मागून मावशी.

मी खिडकीबाहेर बघितलं. देखावा सुंदर होता.

मेळ्यात पोचलो. अँगसकाकांनी मॅकट्रॉस तंबूच्या मागे गवतावर आपलं वडिलोपार्जित कापड अंथरलं. शिवलेला किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा घागरा, नव्हे; जुन्या पद्धतीचं अख्खं नऊ यार्ड लोकरी कापड. याच्या चुण्या करायच्या, खालून रुंद पट्टा घालायचा, त्यावर आडवं पडायचं, पट्टा आवळायचा आणि उठायचं. की सरदार तयार! पट्टा, पिन, कमरेची पिशवी सगळं खोक्यात. त्यांनी खोकं उघडलं.

दोनशे जुनाट रोग!

“हे काय गं?” मावशी कुजबुजली. “बॉक्स चेंज झाला वाटतं!”

अँगसकाकांनी एक प्रत उचलली, चष्मा लावला, आणि वाचायला लागले. सगळं. मी मराठीत, इंग्रजीत आणि शेवटी खुणांनी माफी मागत होते. ते मेंढ्यांच्या मुद्द्यापाशी थांबले.

“हे खरं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “आमचं छप्पर जाळलं होतं. आमच्याच सरदारानं. म्हणून तर आम्ही इकडे आलो.” मग कापडावरून हात फिरवला. “बरोबर एवढंच आणलं होतं.”

माझ्या अकरा पत्रकांना इतकं नेमकं उत्तर कोणी दिलं नव्हतं. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण जमीन खडकाळ होती.

तेवढ्यात त्यांचा चुलतभाऊ डग्लस आला. साठीचा, ताठ, मिशा पिळलेल्या. म्हणाला, “पट्टा नाही? मग पोशाख नाही. पोशाख नाही तर निशाण नाही. नियम आहे, अँगस. मी धरतो निशाण.” आणि इतक्या दुःखानं हात पुढे केला की तो तीस वर्षं सराव करत असावा.

“दुसऱ्या कुणाचा पट्टा घेऊ या!” मी म्हटलं.

“परक्या कुळाचा?” अँगसकाका गरजले. “त्यापेक्षा मी चादर गुंडाळून घरी जाईन!”

काकांनी स्वतःच्या पँटचा पट्टा काढून दिला. काकांची कंबर तीस, अँगसकाकांची शेहेचाळीस. आम्ही तिघांनी ओढला. पट्टा तुटला. आता अँगसकाकांना पोशाख नव्हता आणि काकांची पँट हातात होती.

“किती वेळ आहे?” मावशीनं विचारलं.

“वीस मिनिटं,” डग्लस म्हणाला. फार आनंदानं म्हणाला.

मावशीनं त्या कापडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “मंजे, नऊ वार आहे.”

“मावशी, नाही.”

“शाळेच्या लेझीम पथकात अख्ख्या वर्गाला कोण नेसवायचं?”

“मावशी, हळू!”

“ना पट्टा लागत, ना पिन. मला तर पाचवारी धड येत नाही. घाल काष्टा!”

मी अँगसकाकांकडे पाहिलं. ते निशाणाकडे पाहत होते. मग काय करणार! बाह्या सरसावल्या.

(आत काहीच घालू नये, असं परंपरेचं जे मत आहे, ते मी ऐकून घेतलं नाही. घरून घालून आलेली चड्डी अंगावरच राहील, असा मी ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला.)

कापड म्हणजे नऊ वारांचं घोंगडं! गाठ मारायला मावशी एका टोकाला लोंबकळली, मी दुसऱ्या.

“श्वास आत घ्या!”

“घेतलाय!”

“अजून घ्या!”

“अजून म्हणजे मरण!”

निऱ्या माझ्या मुठीत मावेनात, म्हणून एका हातानं काका धरत होते. दुसऱ्या हातात त्यांची पँट. काष्टा मागे खोचला, वर ओढला, पदर खांद्यावरून टाकला. अँगसकाका दोन पावलं चालले. वाकले. मग चक्क उडी मारली!

“सुटत नाही!” ते ओरडले.

“सुटला तर नाव बदलीन!” मी ओरडले. (लेझीमवाली बोलली. पत्रकवाली तोंड लपवून उभी होती.)

मिरवणुकीच्या तोंडाशी पोशाख तपासणाऱ्या एक काटकुळ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी अँगसकाकांना पुढून पाहिलं. मागून पाहिलं. मागे फार वेळ पाहिलं.

“ही कुठली पद्धत?”

डग्लस पुढे सरसावला. पण अँगसकाका छाती काढून म्हणाले, “बंदीच्याही आधीची.”

खोटं नव्हतं. फक्त कुठल्या देशातली, ते त्या बाईंनी विचारलंच नाही. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि हात केला.

आणि डोंगरावर वारा सुटला.

कसला वारा! पुढच्या कुळाचे घागरे छत्रीसारखे उलटले. त्यामागच्या कुळाच्या सरदारानं एका हातानं निशाण आणि एका हातानं अब्रू धरली होती. मग त्यानं अब्रू निवडली. डग्लस तर दोन्ही हात पोशाखाला लावून, गुडघे जुळवून, नव्या नवरीसारखा चालला होता. आणि आमचे अँगस मॅकट्रॉस? दोन्ही हातांनी निशाण उंच धरून, काष्ट्यात ढांगा टाकत, लढाईला निघाल्यासारखे! मॅकट्रॉस पक्षात कपडे धरून चालणारा माणूस एकच होता, तो म्हणजे आमचे काका.

टाळ्या पडल्या. मी रडले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, हे शास्त्र आहे.

माझी पत्रकंही फुकट गेली नाहीत. तंबूतल्या आज्यांनी त्यावर बिस्किटं ठेवून वाटली. शिवाय प्रत्येकीनं ते वाचलं, आणि मेंढ्यांचा मुद्दा आल्यावर प्रत्येकीनं मला जवळ बसवून आपापल्या घराण्याचं छप्पर कसं जाळलं ते सांगितलं. मी कुळाभिमान संपवायला लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत तो दुप्पट झाला होता.

पुढच्या वर्षी अँगसकाकांचे गुडघे चालले. इतकंच नव्हे, तर मॅकट्रॉसांच्या सहा पुरुषांनी ‘बंदीच्या आधीची पद्धत’ नेसवून मागितली. सहावा डग्लस.

आणि आता कुळाच्या सभेचं पत्र आलंय, लाखेच्या शिक्क्यासह. मला ‘मॅकट्रॉस कुळाची मानाची वस्त्रकर्ती’ नेमलंय. पद कायमचं, वंशपरंपरेनं चालणारं, माझ्यामागे थोरल्या मुलाकडे जाणारं. म्हणजे सरळ सरळ वतन! ज्या मुलीनं वतनदारी, मानपान आणि नऊवारी या तिन्हींविरुद्ध पत्रकं काढली, तिला!

मी संतापले. त्याच दिवशी खरमरीत निषेधपत्र लिहिलं, चांगलं तीन पानी. त्यात स्पष्ट बजावलं की हा उघड अन्याय आहे, आणि मी तो मुळीच खपवून घेणार नाही.

वतन थोरल्या मुलीलाच मिळालं पाहिजे!