चार वाजताचं आवर्तन

कालव्यावर चौतीस वर्षं नोकरी केली की माणसाला दोन कामं येतात. एक पाणी वाटणं, आणि दुसरं, पाणी का पोचलं नाही ते समजावून सांगणं. पहिलं मला बरं जमायचं. दुसऱ्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला आम्ही टेल म्हणायचो. तिथला शेतकरी दर आवर्तनाला, म्हणजे पाण्याच्या दर पाळीला, ऑफिसात येऊन उभा राहायचा आणि मी त्याला चहा पाजून सांगायचो, "वरूनच पाणी कमी आहे." वर म्हणजे कुठे, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

निवृत्त झाल्यावर नाशिकरोडच्या बाजूला घर बांधलं, स्वतः उन्हात उभं राहून. आतल्या भिंती सगळे चार इंची घालतात, मी नऊ इंची घातल्या. स्लॅबमध्ये इतकं लोखंड टाकलं की ठेकेदार म्हणाला, "साहेब, घर बांधताय का धरण?" मी ते कौतुक समजून वर्षभर पाहुण्यांना सांगत होतो. घर इतकं भक्कम झालं की त्यात वारा शिरत नाही, आवाज शिरत नाही आणि, पुढे कळलं, सिग्नलही शिरत नाही.

घरात आम्ही चौघं. मी, बायको, घरूनच ऑफिसचं काम करणारा मुलगा आणि सगळ्यात मागच्या खोलीत माझी आई. आईला ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून तिने डबीत घालून ठेवलं. ओठ बघून ती बोलणं ओळखते. आमचं बोलणं ओळखण्यात तिला फारसा रस नसतो आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. तिला ओढ एकाच माणसाच्या बोलण्याची, कळवणला राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीच्या. रोज दुपारी चार वाजता मावशीची सून व्हिडिओ कॉल लावते आणि फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून आपल्या कामाला जाते. इकडे आई नातवाचा जुना फोन उशीला टेकवून बसते. दोघी अर्धा तास बोलतात. अट एकच, चित्र स्वच्छ पाहिजे. चित्र अडकलं की आईसाठी बोलणंच संपलं. मी या कार्यक्रमाला 'कांदे आणि गुडघे' असं नाव ठेवलं होतं आणि त्या विनोदावर एकटाच हसायचो.

मग घराचं सिग्नल आजारी पडलं. टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही केबलवाल्याच्या एकाच वायरीतून येतात, त्यामुळे दोन्ही जोडीने झोपले. बायकोच्या मालिकेत सासू हात उगारायची आणि थोबाडीत बसायच्या आधीच तिचे चौकोन चौकोन व्हायचे. मुलगा मीटिंगमध्ये तोंड उघडं ठेवून गोठायचा आणि पलीकडचे साहेब त्याला विचारात पडलेला समजायचे. चौकशीच्या नंबरवर फोन केला की एक गोड आवाजाची बाई मशीन बंद करून चालू करायला सांगायची. ते आम्ही इतक्यांदा केलं की बटणच सैल झालं. बायकोने राउटरला क्रोशाचं झाकण विणलं होतं, कारण फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, मग त्याच्यावरच अन्याय का. मी ते झाकण काढून पाहिलं. सिग्नल तेवढंच राहिलं, बायको तेवढी बिघडली.

शेवटी केबलवाला आला. त्याने वायर हातात धरली, खांबाकडे पाहिलं, कोणाला तरी फोन केला, आमचा चहा घेतला आणि म्हणाला, "काका, वरूनच प्रॉब्लेम आहे."

मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. इतक्या सहजतेने हे वाक्य मी ऐन उमेदीतही टाकू शकलो नसतो. पण मी काही टेलचा शेतकरी नव्हतो. वरून कमी येतंय ना, मग जेवढं येतंय तेवढ्याचं नीट वाटप करू, असं मी ठरवलं. घरात आयता इंजिनीअर असताना बाहेरच्यांच्या तोंडाकडे कशाला बघायचं?

त्याच संध्याकाळी मी आवर्तनाचा तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. सकाळी दहा ते एक मुलगा. एक ते दोन मी, बातम्यांसाठी. दुपारी तीन ते सहा पुन्हा मुलगा, कारण त्याच्या मोठ्या मीटिंगा तेव्हा असतात. सात ते नऊ बायको. एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांनी आपापल्या फोनचं वायफाय बंद ठेवायचं. खाली मी लफ्फेदार सहीसुद्धा केली. मुलगा म्हणाला, "पप्पा, हे पाणी नाहीये." मी म्हणालो, "वाहतं ना? मग पाणीच." आईचं नाव तक्त्यात नव्हतं. मी ते मुद्दाम गाळलं असं नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि हे जास्त वाईट आहे.

दोनतीन दिवसांनी चार वाजता मुलगा ओरडला की पुन्हा अडकतंय. मी लगेच पाण्यावर पहारा ठेवणाऱ्या पाटकऱ्यासारखा चारीवर निघालो. बायकोचा फोन तपासला, बंद. माझा, बंद. आईच्या खोलीत गेलो तर उशीवर फोन चालू आणि त्यात मावशी. आमच्या भाषेत याला विनापरवाना उपसा म्हणतात. मी तो फोन उचलला, वायफाय बंद केलं आणि परत उशीवर ठेवला. आई माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मी काहीतरी दुरुस्त करून दिलं.

त्या दिवशी मुलाची मीटिंग सुरळीत झाली. मी दोन दिवस छाती काढून हिंडलो.

त्याला दोन महिने झाले असतील. एकदा भाजी घेऊन येताना शेजारच्या बाईंनी मला हटकलं. "काका, आजी रोज चारला उन्हात गेटपाशी का बसतात? मी छत्री देऊ केली तर नको म्हणाल्या."

मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. आई खरंच फाटकाजवळ, पाण्याच्या मीटरच्या कट्ट्यावर बसली होती. डोक्यावर पदर आणि दोन्ही हातांनी फोन वर धरलेला. वायफाय मी तोडलं होतं आणि मोबाइलचं नेट माझ्या नऊ इंची भिंतीतून आत येत नव्हतं. तेव्हा जिथे थोडंफार चित्र येतं ती जागा तिने एकेक पाऊल टाकत शोधून काढली होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. तिला पावलं ऐकू आली नाहीत. फोनमध्ये मावशी म्हणजे करड्या चौकोनांचा एक ढीग होता. तोंडाच्या जागी दोन चौकोन हलत होते. आणि आई त्या चौकोनांकडे बघून मान हलवत माहेरच्या बोलीत म्हणत होती, "हो, हो. बरं शे. हो."

मला माझी लाज वाटली. टेलच्या माणसाला काय वाटतं ते चौतीस वर्षं समोर उभं होतं आणि मी त्याला चहा पाजत होतो. आता तोच माणूस माझ्याच घरात निघाला, आणि त्याने तर तक्रारही केली नव्हती. तिला वाटलं होतं की फोनच म्हातारा झाला.

आमच्या खात्यात एक नियम होता, टेल टू हेड. पाणी आधी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग मागे मागे येत तोंडाशी यायचं. मी तो भाषणांत पुष्कळदा सांगितला आहे. त्या संध्याकाळी मी तक्ता फाडला आणि केबलवाल्याला बोलावून राउटर आईच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर बसवायला लावला. तो म्हणाला, "काका, उलटं करताय. हॉलमध्ये काहीच यायचं नाही." मी म्हणालो, "नाही आलं तर सांगेन त्यांना, वरूनच प्रॉब्लेम आहे." मुलाने कुरकुर न करता लॅपटॉप आजीच्या खोलीच्या उंबऱ्याशी नेला. बायकोने झाकण धुऊन, इस्त्री करून आणलं आणि माझ्याकडे न बघता राउटरवर घातलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आईच्या फोनचं वायफाय चालू केलं आणि तो उशीला टेकवला. मावशी स्वच्छ दिसली. हंड्याचं पितळ, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं दिसलं. आई फोनवर वाकली. मग म्हणाली, "अगं, किती वाळलीस."

मावशीचे गाल आत गेले होते. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिने काहीतरी सांगितलं, सावकाश, बराच वेळ. आई ओठ बघत राहिली. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली.

"जेवण जात नाय तिला," आई म्हणाली. "दोन महिने झाले, रोज एकच सांगतीये, एकदा येऊन जा. आणि मी रोज हो म्हणत होते."

सकाळी उजाडायच्या आत आम्ही निघालो. कळवणला पोचलो तेव्हा मावशी ओट्यावरच होती, पाठीला उशी लावून. तिची सून म्हणाली, "तुमच्या आई रोज हो म्हणायच्या ना, म्हणून ह्या रोज सकाळपासून इथं बसतात. गाडीचा आवाज आला की उठायला बघतात." आई चप्पल न काढताच ओट्यावर चढली आणि तिने मावशीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. आईची नजर मावशीच्या ओठांवरून हलत नव्हती.

नंतर मावशीने मला जवळ बोलावलं. "का रे, एवढा उशीर लावला?"

चौतीस वर्षांची सवय. वाक्य तोंडात तयार होतं, वरूनच काहीतरी होतं म्हणून. ते मी गिळलं.

"मावशी," मी म्हणालो, "मीच अडवून ठेवलं होतं."