खुएताईची गाठ

आमच्या अर्वाइनच्या कारखान्यात माणसाच्या हृदयाच्या झडपा हाताने शिवल्या जातात, हे सांगायची इंजिनिअर लोकांना लाज वाटते. पाहुणे आले की पडद्यावर रंगीत चित्रं फिरवतात. काचेपलीकडे आम्हा व्हिएतनामी बायकांची रांग मान खाली घालून बसलेली असते, तिकडे कुणी बोटही दाखवत नाही.

त्या रांगेत पहिली खुएताई. तिकडे व्हिएतनामात, सायगावात ती लग्नाचे पोशाख शिवायची. इथे एकोणीस वर्षं मायक्रोस्कोपखाली झडपा शिवते. तारेच्या जाळीचं नळकांडं, आत गाईच्या हृदयावरच्या पातळ पापुद्र्याचे तीन पडदे, बाहेर कापडाची पट्टी. हे सगळं पेन्सिलीएवढं दाबून मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयात नेतात आणि तिथे फुगवतात.

दोन वर्षांपूर्वी ट्रेव्हर नावाच्या इंजिनिअरने नवी झडप आखली आणि ती शिवायचं काम खुएताईकडे आलं. या गृहस्थाने जन्मात शर्टाचं बटण लावलं नसेल. दाबताना जाळीच्या तारा जिथे मिटतात, नेमकी तिथेच त्याने दोऱ्याची गाठ काढली होती. खुएताईच्या ते लगेच लक्षात आलं आणि ती गुपचूप जाळीचं एक घर सोडून गाठ बांधायला लागली. साहेबाची चूक बोलून दाखवायची नाही, हाताने सावरून घ्यायची, ही आमची रीत. याला आमच्या बायका शहाणपण म्हणतात. मी मूर्खपणा म्हणते.

यंदा तपासणीला कॅमेरा आला आणि ताईच्या सगळ्या गाठी चुकीच्या जागी सापडल्या. ट्रेव्हर तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आराखडा वाचता येत नाही का? आता बारा झडपा बरोबर त्याप्रमाणे शिवा. नाही जमलं तर घरी बसा."

"होय साहेब."

माझं डोकंच फिरलं. जेवायला बसल्यावर म्हटलं, "अगं ताई, मूग गिळून काय बसलीस? तिथे दोरा तारांत कापला जातो म्हणून सांग की त्या दीडशहाण्याला!"

"गप गं दिएप. सांगितलं तर म्हणेल, म्हातारीला जमत नाही म्हणून बहाणे करते. शिवूनच दाखवते. तू भात खा."

तिने बारा झडपा शिवल्या. दाबून फुगवल्यावर नऊंचे दोरे तुटले. ट्रेव्हर दोन दिवस तिच्या टाक्यांत खोट शोधत बसला. एक टाका आराखड्याबाहेर सापडेल तर शपथ! शेवटी स्वारी नरमली.

"आधी कुठे बांधत होतात?"

तिने सुईच्या टोकाने जागा दाखवली.

महिन्याभरात नवा आराखडा आला, त्यावर नाव ट्रेव्हरचं. त्याच्यासाठी केक कापला, टाळ्या वाजल्या. वर फर्मान निघालं की नवी गाठ शिकल्याचा कागद नसेल तर टेबल मिळणार नाही, आणि शिकवणार कोण, तर ट्रेव्हर!

पहिला नंबर खुएताईचा. गुरुजींना सुईत दोरा ओवता येईना. तो तिने ओवून दिला. मग ते कागदावरून वाचत गेले आणि ती बांधत गेली. शेवटी त्यांनी शेरा लिहिला, 'हळूहळू जमेल', आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.

खुएताईने 'होय साहेब' म्हणत सही केली आणि पुढची झडप शिवायला घेतली.