मालिनीवहिनी गाडीवर बसते

माझी मोठी जाऊ मालिनी हिच्याबद्दल सांगायचं तर आधी तिच्या आवाजापासून सुरुवात करायला हवी. रत्नागिरी डेपोत ती तेवीस वर्षं कंडक्टर होती. "पुढे सरका, पुढे जागा आहे," हे ती अशा आवाजात म्हणायची की पुढे जागा नसली तरी माणसं ती करून द्यायची. मी बालवाडीची बाई. आवाज माझाही काही लहान नाही आणि डोकं तर आवाजाच्याही आधी चढतं. पण वहिनीसमोर मी आजवर कधी जिंकलेले नाही.

नियम म्हणजे तिचा जीव की प्राण. आमचे सासरे एकदा तिच्याच गाडीत चढले. म्हाताऱ्यांच्या सवलतीचं कार्ड घरी विसरले होते. हिने त्यांचं पूर्ण तिकीट फाडलं. संध्याकाळी घरी येऊन त्यांना आल्याचा चहा करून दिला आणि वर विचारलं, "आप्पा, कार्ड सापडला काय?" आप्पा चार दिवस फुगून बसले होते. नंतर तेच गावभर सांगत सुटले की आमच्या सुनेसारखी कंडक्टर अख्ख्या जिल्ह्यात नाही.

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि त्याच सुमाराला तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि साखर काही वहिनीचं ऐकत नाही. सगळा जन्म उभ्याने गेलेली बाई. आता पाचसहा पावलं टाकली की हाताला लागेल ते धरून थांबायची. मग तिने एक वाक्य धरलं, "तुम्ही जा, मी बसते." हेदवीला गणपतीच्या दर्शनाला गेलो तर ही पायऱ्यांखाली. पूर्णगडला किल्ला बघायला गेलो तर ही गाडीत. आम्ही आमच्या पिशव्या, पर्सा, पोरांचे स्वेटर तिच्या मांडीवर टाकून पुढे जायचो. पहिल्या पहिल्यांदा आग्रह करत होतो. नंतर तोही सोडला. खरं सांगते, आम्हाला ते सोयीचंच झालं होतं, आणि याची मला आज लाज वाटते.

या दिवाळीत तिचा मुलगा सागर डोंबिवलीहून लेकीला घेऊन आला. लेक संस्कृती, वय वर्षं नऊ. तिला मत्स्यनगरी बघायची होती. आमच्या इथे सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावर, कातळ सपाट करून ही नवी बाग झाली आहे. आत देवमाशाच्या पोटात शिरायचं, लाकडी गलबतावर चढायचं, आकाशपाळण्यात बसायचं, पाण्याच्या घसरगुंड्या. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही गेलो आणि आमच्याबरोबर निम्मं कोल्हापूर नि सांगली आलं होतं. मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी.

गेटातून आत गेलो. डाव्या हाताला चाफ्याखाली एक बाक होता. वहिनीने तो आमच्याआधीच हेरून ठेवला होता.

"तुम्ही जा, मी बसते. पिशव्या द्या हयसर."

"आजी, मग तू आलीस कशाला?" संस्कृतीने विचारलं.

पोरीने टोमणा मारला नव्हता, सरळ विचारलं होतं. वहिनीने पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद सारखे करत बसली. मला कसंतरीच झालं.

तेवढ्यात मला काउंटरशेजारी दोन बॅटरीच्या गाड्या दिसल्या. तीन चाकं, एक खुर्ची, पुढे हँडल आणि हँडलला छोटीशी जाळीची टोपली. वर पाटी होती, 'ज्यांना चालणे अवघड जाते त्यांच्यासाठी'.

"वहिनी, उठा," मी म्हटलं.

"मना नको. ती अपंग मानसांसाठी असते."

"पाटी वाचा. चालणं अवघड असं लिहिलंय."

"मना चालता येतंय."

"कुठपर्यंत?"

सागरने एक हात धरला, मी दुसरा, आणि आम्ही तिला काउंटरपर्यंत नेली. तिथे गेल्यावर तिच्यातला कंडक्टर जागा झाला.

"कार्ड बघत नाय तुमी?" तिने काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"नाही आजी."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"नाही. नाव आणि फोन नंबर लिहा, झालं."

"म्हंजे कोनपन येल आनी बसेल!"

मुलगी बिचारी घाबरली. "तसं होत नाही आजी. ज्यांना लागते तेच मागतात," ती म्हणाली. वहिनीला हे मुळीच पटलं नाही. तिने वहीत नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि पुढच्या दोन रकान्यांत आडवं लिहून टाकलं, 'दोन्ही गुडघे. ऑपरेशन बाकी.' कोणी तपासायला आलं तर कागद तयार हवा, असा तिचा हिशेब.

तेवीस वर्षं बसमध्ये काढली, पण चाक कधी हातात घेतलं नव्हतं. हँडलखालची पट्टी दाबली की गाडी चालते, सोडली की थांबते. वेगाच्या बटणापाशी एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला होता. संस्कृतीने बटण कासवावर लावून दिलं. वहिनीने आधी मागे वळून बघितलं, कोणी चढायचं राहिलं नाही ना याची खात्री केली, आणि मग पट्टी दाबली.

पहिली दहा मिनिटं माझा जीव टांगणीला लागला होता. मागे घ्यायची तर गाडी पी पी करायची आणि वहिनी दचकून हात काढून घ्यायची. एका आइस्क्रीमवाल्याचं स्टूल तिने पाडलं. पण गर्दी म्हटलं की तिला कोण शिकवणार? लोक मोबाइल धरून वाटेतच उभे. हॉर्न म्हणजे चिलटाचा आवाज. मग तिने आपला जुना आवाज काढला. "चला, डावीकडे व्हा, वाट मोकळी ठेवा, लेकरांना हाताशी धरा." लोक झटकन बाजूला. एका बाईने तर विचारलं, "मॅडम, घसरगुंडीची लाइन कुठली?" वहिनीने बोट दाखवलं. ती स्वतः पहिल्यांदाच येत होती, पण पाट्या वाचण्यात तिचा हात कोण धरणार!

देवमाशाच्या पोटातून ती दोनदा गेली. आत निळा उजेड होता आणि बाजूने बोंबील, सुरमई, पापलेट टांगलेले. "पापलेटाची शेपटी चुकली हाय," असं तिने संस्कृतीला सांगितलं आणि दोघी त्यावर हसत बाहेर आल्या. बाहेर येऊन तिने बाटलीभर पाणी घटाघट प्यायलं. मी बघतच राहिले. कुठे बाहेर गेलो की ही पाण्याला शिवत नसे. ड्यूटीवर असताना स्टँडवर बायकांची सोय धड नसायची म्हणून ती सवय, आणि आता बाथरूमपर्यंत चालवणार नाही म्हणून तीच सवय. आज गाडी होती. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग गलबत आलं. त्याच्या कठड्यापाशी जायला एक पायरी होती, म्हणून वहिनीने गाडी खाली उभी केली, उठली आणि सहा पावलं चालून कठड्याला टेकली. संस्कृती वरून हात हलवत होती, हिनेही हलवला. आणि मागून आवाज आला.

"वा! चालता तर मस्त येतंय. आणि गाडी अडवून फिरतायत."

लाल टी-शर्टातला तिशीचा माणूस होता, खांद्यावर झोपलेलं मूल. "माझी आई तिकडे गेटवर बसून राहिलीय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि धडधाकट लोक मजा मारतायत."

माझं डोकं सटकलं. मी त्याला तिथल्या तिथे धुतला. त्याचं वय काढलं, शिक्षण काढलं, संस्कार काढले. आजूबाजूचे चार लोक थांबून ऐकू लागले, तसा तो तोंड फिरवून चालता झाला. मी विजयी मुद्रेने वळले तर वहिनी गाडीवर येऊन बसली होती, पण मान खाली.

"चल, परत देऊया गाडी."

"का? त्या टिनपाटाचं ऐकून?"

झाडाखाली गेल्यावर तिने मला जे सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीची देवरूखची फेरी. अपंगांसाठी राखीव सीटवर एक पोरगा बसलेला, पंचविशीचा, दिसायला उभा-आडवा. हिने कार्ड मागितलं. नाही, म्हणाला. "मग उठ," ही म्हणाली, "चालत चढलास ना?" तो उठला. हातखंब्यापासून संगमेश्वरपर्यंत उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. उतरताना त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि आडवा होऊन, एक पाय, मग दुसरा पाय, असा उतरला.

"आता मी घराची पायरी तशीच उतरतंय," वहिनी म्हणाली. "रोज उतरताना त्याची आठवन येते. त्याला मी जां बोलले, तां आज मना कोनीतरी बोलला. बरोबरच झाला."

चूक तिची होतीच, आणि ती चूक तिने अकरा वर्षं एकटीने सांभाळली होती. मला फक्त एवढं दिसत होतं की आता ही पुन्हा बाकावर जाऊन बसणार, आणि या खेपेला कायमची. गाडी गेटाकडे वळली. गलबतावरून उतरून आलेली संस्कृती शेजारून चालत होती.

बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशव्या, शेजारी पिशव्या, पायाशी चपलांचा ढीग. सत्तरीच्या असतील. वहिनी त्यांच्यासमोर थांबली.

"लाल टी-शर्टवाला तुमचा मुलगा काय?"

"व्हय, आमचा संदेश. का गो? काय केलान त्याने?"

"काय नाय. तुमी गाडी का घेतली नाय?"

बाईंनी नाव सांगितलं, चिमा. गुहागरकडच्या. "नको गो बाय," त्या म्हणाल्या, "संदेश सांगत होता. मीच नको म्हटला. मना चालता येतंय की चार पावलां. गाडीत बसले नि मग उठून चालले, तर लोक काय म्हनतील?"

"म्हनतील," वहिनी म्हणाली. "मना आताच म्हटला एकान."

"मग?"

वहिनीने हँडल घट्ट धरलं. "मग काय! आत येवडा मोठा देवमासा हाय. त्याच्या पोटात जाता येतंय. चार पावलां चालता येतात म्हनून पुढचा काय बघायचाच नाय, असा कोनी सांगितला तुमाला?"

एवढं बोलून ती थबकली. मी तिच्याकडे बघत होते. दोन वर्षांत आम्ही तिला जे एकदाही धड सांगितलं नव्हतं, ते आज तीच दुसऱ्या बाईला ओरडून सांगत होती, आणि आपणच बोललेलं तिला ऐकू येत होतं. ती गाडीवरून उतरली, चिमाताईंना दंडाला धरून बसवलं, बटण कासवावर केलं आणि संस्कृतीला त्यांच्याबरोबर दिलं. चिमाताई "अगो अगो" करत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने वहीत नाव बदलून घेतलं.

थोड्या वेळाने संदेश मुलाचं दूध न्यायला आला. आई जागेवर नाही, आणि तिथे मघाच्याच आम्ही दोघी. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी तोंड उघडणार इतक्यात वहिनीने माझा हात दाबला.

"तुजी आई देवमाशाकडे गेली हाय," ती म्हणाली. "जा, तिच्याबरोबर फिर जरा."

तो वाकून पिशवीत दुधाची बाटली शोधू लागला. तेवढ्यात दुसरी गाडी परत आली. काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे बघून चाचरत विचारलं, "आजी, तुम्हाला आता नको ना? तुम्ही तुमची परत दिलीत."

वहिनी उठली. कशालाही न धरता उठली, आणि देवरूखच्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाली, "मना चालता येतंय. आनी गाडीपन पायजे."

तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. संदेशनेही ऐकलं. मुलीने चावी दिली.

साडेपाचला बाग बंद व्हायची शिट्टी झाली. बाकावर मी बसले होते, पिशव्या माझ्या मांडीवर. चिमाताई मुलाबरोबर केव्हाच आल्या होत्या आणि जाताना मला बेसनाचा लाडू देऊन गेल्या. सागर गलबतापर्यंत जाऊन आला, संस्कृती देवमाशाच्या पोटात बघून आली. वहिनी कुठेच नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही तिला शोधत होतो. दुसरी शिट्टी झाली, तेव्हा मी फोन लावला.

"वहिनी, कुठे आहात? बाग बंद करतायत!"

"करूंदेत," ती म्हणाली. मागे घसरगुंड्यांचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. "माजा पलीकडचा सगळा बघायचा ऱ्हायलाय."