केसरीनाथ मामा ऊर्फ शेवंता

भिवंडी तालुक्यात अंजूरपासून वज्रेश्वरीपर्यंत कुठंही लग्न ठरलं की आधी शेवंताची तारीख मिळते का ते बघायचे आणि मग भटजीकडे जायचे. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण अगदी थोडी. शेवंता म्हणजे अंजूरचा केसरीनाथ. २००६ साली त्याचं वय अडतीस होतं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, असा तो हळदीच्या मांडवात उतरला की बँजोवाल्यांच्या अंगात वारं शिरायचं. म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "मेल्याला बाईची चाल आमच्यापेक्षा बरी जमतं." ही दाद त्याला नोटांच्या माळेपेक्षा मोठी वाटायची. नोटांची माळही तो सोडत नसे, ते वेगळं.

ही चाल त्याला शिकवली कमळाने, त्याच्या थोरल्या बहिणीने. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि कमळा सोळाची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, चोरून चित्रपट बघितला म्हणून बदडलं. तो सोळा वर्षांचा झाला त्या साली गौरीच्या नाचात बाई होणारा गडी तापाने पडला आणि गावाने केसरीनाथला पुढे केलं. कमळाने स्वतःचं लुगडं त्याला नेसवलं, डोक्यावर भरलेली कळशी दिली आणि विहिरीपासून घरापर्यंत सात फेऱ्या मारायला लावल्या. "आदी चालायला शिक," ती म्हणाली, "नाचाचं मंग बगू." बापाने दोन महिने अबोला धरला. केसरीनाथने पहिल्या सुपारीचे शंभर रुपये त्याच्या हातावर ठेवले तेव्हा म्हातारा बोलता झाला, आणि पुढे तर चहाच्या टपरीवर बसून त्याच्या तारखाही घेऊ लागला.

नाव झालं तशी धावपळ वाढली. लग्नसराईत एका संध्याकाळी तीन गावांत तीन हळदी असायच्या. रिक्षात बसून नऊवारी सोडायची, दुसरी नेसायची, यात जीव मेटाकुटीला यायचा. एकदा काल्हेरच्या वळणावर रिक्षा हेलकावली आणि अर्धं लुगडं रस्त्यावर लोळत गेलं. दुसऱ्या दिवशी तो भिवंडीत जाहिदाभाभीकडे गेला. जाहिदाच्या नवऱ्याचे कापडाचे लूम होते आणि ती स्वतः घरी शिलाई करायची. तो म्हणाला, "भाभी, मला असं लुगडं शिवून द्या की पायजम्यासारखं पाय घालायचे आणि उभं राहायचं." जाहिदा हसून हसून मशीनवर आडवी झाली, पण चार दिवसांत तिने ते शिवलं. निऱ्या बसवलेल्या, काष्टा टाचलेला, आणि नाचताना पोटाशी गाठ दिसू नये म्हणून नाडी मागच्या बाजूला, पदराखाली.

ते बघून गिऱ्हाइकं लागली. आधी शाळांची गॅदरिंगं आली, मग लग्नातल्या करवल्या आल्या. भिवंडीत मंडईच्या मागे 'शेवंता लुगडी सेंटर' उभं राहिलं. सहा मशीनं होती आणि जाहिदा निम्म्याची भागीदार. त्याच्या नाचाच्या दोन व्हीसीडी निघाल्या आणि त्या नाक्यानाक्यावर खपल्या. अंजूरची शेतं गोदामवाल्यांनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या. केसरीनाथने आपल्या वाट्याची जमीन विकली नाही. तिच्यावर स्वतःच शेड टाकली आणि एका औषध कंपनीला भाड्याने दिली. लोक म्हणायचे, शेवंताने कंबर हलवून गोदाम बांधलं. तो म्हणायचा, "मग तुमी पन हलवा. कोनी अडवलंय?"

असा हा माणूस कुणाला हार जाणारा नव्हता. पण २००६च्या वैशाखात कमळाच्या मुलीचं, करिष्माचं, लग्न वळ गावच्या रामनाथशेठच्या मुलाशी ठरलं आणि आठ दिवस आधी मध्यस्थ घाम पुसत आला. निरोप असा होता की केसरीनाथने लग्नाला जरूर यावं, मानाने जेवावं, पण मंगलाष्टकांच्या वेळी मुलीमागे मामा म्हणून दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं. चुलतमामा आहेच की. मोठमोठी माणसं येणार, नगरसेवक येणार, बरं दिसत नाही.

कमळाने हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग लगीन मोडलं समजा," ती म्हणाली.

करिष्मा आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला मुलगा आवडला होता, हे केसरीनाथला ठाऊक होतं. पोरगी जन्मली तेव्हा सुईणीनंतर तिला पहिल्यांदा यानेच हातात घेतलं होतं. मुलीमागे उभं राहायचा मान मामाचा, तो पैशाने मिळत नाही आणि पैशाने जातही नाही, असं तो आजवर धरून चालला होता. त्याला फार लागलं. त्याने कमळाला आवरलं, मध्यस्थाला सरबत पाजलं आणि "विचार करून सांगतो" एवढंच म्हणाला. लग्न मोडायचं नाही हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पण मामा बदलायचा कसा, हे काही केल्या त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

गंमत अशी की रामनाथशेठच्या घरच्या चाळीस बायकांची एकरंगी लुगडी याच्याच दुकानात शिवायला होती. जाहिदा भडकली. "माल रोक दो, केसरीभाय. देखते हैं कैसे नाचती हैं हळद में."

"त्या बायांनी काय केलंय माझं?" केसरीनाथ म्हणाला. लुगडी वेळेवर गेली.

हळदीच्या दिवशी दुपारी बाराला दुकानात फोन वाजला. खुद्द रामनाथशेठ होता. "अहो, चाळीसच्या चाळीस लुगडी उलटी शिवलीत तुमी! बायका रडायला लागल्यात हितं!"

केसरीनाथने गाडी काढली आणि वीस मिनिटांत वळ गावात पोचला. अंगणातल्या मांडवात सगळ्या सुना, लेकी, जावा उभ्या होत्या आणि प्रत्येकीचा काष्टा पोटावर आला होता. परकराची, सलवारीची नाडी पुढे बांधायची सवय. त्यांनी लुगड्याचीही नाडी पुढे ओढून बांधली होती आणि सगळं लुगडं फिरून बसलं होतं. ओट्यावर रामनाथची आई, गुणाबाई, स्वतःच्या हातची नऊवारी नेसून बसली होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

दुसरा कुणी असता तर त्याने शिंप्याच्या भाषेत दोन शब्द समजावले असते. केसरीनाथने बूट काढले, एक लुगडं उचललं आणि सगळ्यांदेखत पँटवरूनच चढवलं. नाडी मागे नेली, गाठ मारली, पदर खोचला. "बगा गो बायांनो, असं," म्हणाला आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. ओट्यावरचं हसणं थांबलं.

"थांब," गुणाबाई म्हणाली. "परत चाल."

तो परत चालला.

"अशी माजी आय चालायची, डोईवर पानी घेऊन. ह्या पोरींना न्हाय येत. तुना कोनी शिकवलं रं?"

"माज्या बहिनीने. कमलाने. उंद्या तिचीच पोर तुमच्या घरात येनार हाय."

"म्हंजी पोरीचा मामा तूच? मंग उंद्या तिच्यामागं उबा ऱ्हातंस ना?"

मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला रामनाथशेठ एकदम मोबाइलमध्ये बघायला लागला. केसरीनाथला खोटं बोलता आलं असतं. त्याने नुसतं सांगितलं, "न्हाय, आजी. उबा राहू नको असा निरोप आलाय मना, याच घरातून."

म्हातारीने मान वळवून लेकाकडे पाहिलं. "चाळीस बायांना लुगडं नेसवायला मामा चालतं, आन पोरीच्या मागं उबा राहायला चालत न्हाय? रामनाथ, मंग तूच नेस एक आन दाव चालून."

बायका फसकन हसल्या. रामनाथशेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो वाईट माणूस नव्हता, लोक काय म्हणतील या धास्तीने वागणारा होता, आणि त्याच्या घरात लोक म्हणजे शेवटी आईच. तो केसरीनाथपुढे आला, घसा खाकरला. "उद्या साडेबाराचा मुहूर्त हाय, शेठ," तो म्हणाला. "मामाने वेळेवर यावं."

दुसऱ्या दिवशी करिष्मा पाटावर उभी राहिली आणि तिच्यामागे केसरीनाथ. पांढरा सदरा, डोक्याला फेटा, चेहऱ्याला पावडरचा कणही नाही. समोर अंजूर, वळ, काल्हेरची सगळी माणसं, पुढच्या रांगेत नगरसेवक. वीस वर्षं तो याच माणसांसमोर नाचत आला होता, पण आज हात कुठे ठेवावेत तेच त्याला सुचेना. ते त्याने करिष्माच्या खांद्यावर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले.

मुंडावळ्यांआडून ती हळूच म्हणाली, "मामा, नीट उबा ऱ्हा. सगली तुलाच बगतान."

"बगू दे गो," डोळे पुसत केसरीनाथ म्हणाला. "आज फुकट हाय."