पाचवा पेला

ऊदाच्या धुराचा तो वास आजही आठवतो: गोड, जड, जुन्या लाकडाच्या गाभ्यात वर्षानुवर्षे कोंडलेला. ज्या कपड्यांना तो दिला जात होता, ते घालणारे कोणी नव्हते.

कोणते रिवाज पिढ्यांच्या चाळणीतून टिकतात आणि दुभंगलेल्या समाजाला सांधताना ते कामी येतात का, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यासाठीच कुवेतला गेले होते. तिथल्या अब्बासिया वस्तीत राहणाऱ्या, मूळच्या दाभोळच्या जुबेदाआपा कुवेती घरांत शिवणकाम करतात. शुक्रवारी दुपारी त्यांच्यासोबत निघाले, तेव्हा धुळीने उजेड गेरूच्या पाण्यासारखा झाला होता.

"जपून बोला हं, ताई," आपा म्हणाल्या. "दोघी बहिणी. भावाला युद्धात शत्रूच्या शिपायांनी धरून नेलं, तो आलाच नाही. धाकटी मुनीरा, तिने तो गेला असं मानून जनाज्याची नमाज पढवून घेतली. तेव्हापासून थोरल्या शरीफाबाईंचा अबोला. तरी धाकटी दर शुक्रवारी येते, दाराशी बसते नि जाते."

"एक शब्दही नाही?"

"भिंत बोलेल एक वेळ!"

आत शरीफाबाई धूपदाणीवर पांढरा दिशदाशा (पुरुषी झगा) धरून उभ्या होत्या. धुराने तो फुगला. रिकाम्या बाह्या हलल्या. दाराशी बसलेल्या मुनीराचे हात आपसूक पुढे आले आणि मांडीवर परतले.

मग कॉफी आली. आम्हा चौघींचे पेले भरल्यावर शरीफाबाईंनी पाचवा भरला आणि रिकाम्या गादीसमोर ठेवला. पंगतीत सगळे बसल्याशिवाय घास न उचलण्याची आपली रीत. त्याच वळणाने मी माझा पेला न पिता खाली ठेवला. आपण कोणाची वाट पाहत आहोत, हे उमगले तेव्हा मानेवर काटा आला.

शरीफाबाईंनी मला काहीतरी विचारले.

"काय केलात हो!" आपा कुजबुजल्या. "न पिता पेला ठेवला म्हणजे पाहुण्याचं मागणं असतं. वैरंसुद्धा मिटलीत यांच्यात अशाने. आता तुम्ही मागेपर्यंत कोणी पिणार नाही. मान्य झालं तर 'इश्रबी' म्हणतील, म्हणजे पी. नाहीतर उठून जातील."

चूक झाली, एवढे म्हणून सुटता आले असते. पण मला ते हात दिसत होते.

"झग्याला पुढचा धूप मुनीराला देऊ द्या."

आपांनी अडखळत अरबीत सांगितले. खिडकीवर धूळ घासत राहिली. पाचव्या पेल्यावरची वाफ कलली, कोणी समोर वाकल्यासारखी.

परतताना विमानात ओढणीला तोच वास होता. रिवाज हे माणसाच्या हातातले हत्यार, असे मी टिपणात लिहून नेले होते. ते वाक्य खोडले. त्या दुपारी हत्यार मी होते. धरणारा हात फार जुना होता.

माझे मागणे ऐकून शरीफाबाई उठल्या, तेव्हा वाटले, संपले सारे. त्या दारापर्यंत गेल्या, झगा मुनीराच्या हातांवर ठेवला आणि तिच्याकडे न पाहता मला म्हणाल्या,

"इश्रबी."