नको म्हणायची सोय

आमच्या घरात हल्ली एक मशीन हुकूम सोडतं आणि एक निवृत्त सुभेदार ते पाळतात. सुभेदार म्हणजे माझे यजमान. ते सीमेवर होते तेव्हा उंब्रजजवळचं आमचं आल्याचं रान मीच बघत होते. कुठल्या वाफ्याला कधी पाणी द्यायचं, कुठं थांबायचं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. ते पेन्शनीवर घरी आले आणि पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना पटवलं, की आता हे सगळं एआय बघेल.

मातीत एक दांडा रोवला. तो ओल मोजतो, मोटरीवरच्या डब्याला कळवतो आणि डबा ठिबक चालू करतो. त्याआधी यजमानांच्या फोनवर निरोप येतो, 'आल्याला पाणी आवश्यक आहे.' खाली उत्तराला दोन जागा, 'ठीक आहे' आणि 'नंतर आठवण करून द्या'. 'नको' कुठंच नाही. कुणी काहीच दाबलं नाही, तर थोड्या वेळानं मोटर आपली आपणच सुरू होते. शहाण्या माणसांनी गारेगार खोलीत बसून हे रचलं आणि शेतकऱ्याला नको म्हणायचं असू शकतं, हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बरं, दांडा रोवला कुठं? रस्त्याकडच्या मुरमाड उंचवट्यावर, कारण मोबाईलला रेंज तेवढ्या ठिकाणीच. मुरूम कायम कोरडा, त्यामुळं मशीन कायम तहानलेलं. खाली ओढ्याकडच्या वाफ्यांत पाय घोट्यापर्यंत रुतायला लागला आणि पानं पिवळी पडली. पाणी साचलं की आल्याचा गड्डा कुजतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या वाफ्यांत माझी वर्षाची मेहनत होती.

"आवं, चिखल झालाय तितं. बंद करा ती मोटर," मी म्हटलं.

"ते मोजून सांगतंय. तू आपली अंदाजानं बोलतीस."

"अंदाज? माजा पाय रुतलाय!"

"कंपनीनं सांगितलंय, मदी हात घालायचा न्हाई."

आयुष्यभर वरून आलेला हुकूम पाळलेला माणूस. हुकूम कोण देतंय, हे बघायची सवयच नाही. मी स्वतः जाऊन मोटर बंद केली, तर त्या डब्यानं माझ्यादेखत ती परत चालू केली.

मग मी कंपनीला फोन करून करून भंडावून सोडलं. शेवटी त्यांची माणसं आली आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक ठरली. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं पुढच्या रांगांत सगळे माजी सैनिक ताठ बसलेले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मुलीनं पडद्यावर हसरे चेहरे दाखवले. विश्वास, सहकार्य, आपण आणि एआय मिळून, असं बरंच गोडगोड बोलली. शेवटी म्हणाली, "कुणाला काही शंका?"

फौजेत शिकवणी संपली की उस्ताद विचारतो, "कोई शक?" आणि सगळ्यांनी एका आवाजात "नहीं साब!" म्हणायचं असतं. समजलेलं असो वा नसो. सभागृह दणाणलं, "न्हाई साहेब!" त्यात माझ्या यजमानांचा आवाज सगळ्यांत मोठा. मुलगी हरखून गेली आणि लॅपटॉपवर काहीतरी टिपायला लागली. गावाचा पूर्ण विश्वास आहे, असंच लिहिलं असणार.

मी मागून उठून म्हटलं, "मला हाय शंका. नको म्हणायचं बटन कुटं हाय?"

"काकू, तुमचा विश्वास बसावा म्हणून आम्ही आवाजच बदलतोय," ती म्हणाली. "आता ते अगदी घरच्या माणसासारखं बोलेल."

आणि खरंच बोलायला लागलं. मधाळ बाईचा आवाज, "काळजी करू नका, मी आहे ना." चिखलात उभं राहून ते ऐकताना यजमानांच्या हातातला फोन ओढ्यात भिरकावून द्यावासा वाटला. या लोकांना माझा विश्वास हवा होता, पण माझं ऐकायचं नव्हतं.

मी पिच्छा सोडला नाही. अखेर 'नको' आलं. ॲप माझ्याही फोनवर घालून दिलं, 'कुटुंब सदस्य' म्हणून. दुपारी पाण्याचा निरोप आला, मोटर सुरू झाली, तसं मी 'नको' दाबलं. यजमान शेजारीच चहा घेत बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि कप खाली ठेवला. काय आलंय म्हणून मी फोन ओढून घेतला.

'तुमच्या शेतातलं पाणी कोणीतरी बंद करू पाहत आहे. तुम्ही या व्यक्तीला ओळखता का?'

खाली 'हो' आणि 'नाही'. सातबारा त्यांचा, नंबर त्यांचा, म्हणून मालक ते. मी कोणीतरी.

"दाबा की," फोन त्यांच्यापुढं धरून मी म्हटलं. "वळकता का न्हाई, ते मलाबी कळंल."

त्यांनी 'हो' दाबलं. मोटर थांबली. "धन्यवाद. तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो," ती मधाळ बाई त्यांना म्हणाली.

मी तशीच रानात गेले. मागून तेही आले. ओढ्याकडचे वाफे उकरले, तर गड्डे मऊ पडलेले, बोटानं दाबलं की पाणी सुटायचं. ते माझ्या शेजारी चिखलात उकिडवे बसले. म्हणाले, "चुकलं माजं. उद्या त्यास्नी फोन करतो. तुजा नंबर घालाय सांगतो."

"नंबर कशाला?" मी म्हटलं. "रानच करा की माज्या नावावर."

सुभेदारांनी पुढचा गड्डा उकरायला घेतला.